वेगळी वाटी

प्लेटवर नाव तिचंच होतं. डॉक्टर उएनचं अक्षर गिचमिड खरं, पण माणसाला स्वतःचं नाव वाचता येऊ नये इतकं गिचमिड नव्हे. थोमनं नेहमीसारख्या उबवणीच्या पेटीतून प्लेटा काढल्या होत्या, दार उघडताच येणारा तो उबट, आंबूस वास नेहमीसारखा नाकात घेतला होता. हॉस्पिटलच्या जंतू-प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी या वासात गेली होती. महिनाअखेरीला निवृत्त झाल्यावर सकाळी घरी कसला वास घ्यायचा, असं ती गमतीनं म्हणायची. एकेक प्लेट ती खिडकीकडे धरून बघत होती. नवजात बाळांच्या वॉर्डात एक हट्टी जंतू शिरला होता, कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता, म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पोटातले नमुने घेतले होते. लॅबवाल्यांनीही दिले, चेष्टामस्करी करत दिले. प्लेटमधल्या जेलीत शेवटचं औषध मिसळलेलं होतं, बाकी सगळी हरली की डॉक्टर कपाटातून जे काढतात ते. त्या जेलीवर काही उगवायलाच नको. पहिली प्लेट कोरी, दुसरी कोरी, मग एका नर्सची भरलेली, मग पुन्हा कोरी. आणि मग ही. काठापासून काठापर्यंत गुलाबी ठिपके, टपोरे, ओलसर, निरोगी. थोमच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की छान वाढलेत. मग तिनं प्लेट उलटी करून नाव पुन्हा वाचलं.

“अहो मावशी, त्यात काय एवढं?” डॉक्टर उएन म्हणाली. पोरगी हुशार, थोमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, बोलता बोलता हातमोजे काढून डब्यात फेकायची तिला सवय. “वॉर्डातला तो नाहीच हा, मी ताडून पाहिला. तुमचा साधा पोटातला आहे. फक्त त्याच्याकडे जनुकांची ती सुटी कडी आहे, औषधाला न जुमानणारी. या आपल्या मुलखात शोधायला गेलं तर निम्म्या लोकांच्या पोटात सापडेल. बदकं, कोंबड्या, तळ्यातले मासे, सगळ्यांना आपण औषधं चारतो. कान थो भागात जन्मून तुम्ही काय कोऱ्या राहणार होतात?”

“पण मला काही होत नाही.”

“मग होणारही नाही. राहील, जाईल, पुन्हा येईल. त्याला औषध द्यायचं नसतं. हात धुवा म्हणजे झालं. तपासलं नसतं तर कळलंही नसतं तुम्हाला.”

तपासलं नसतं तर कळलंही नसतं, हे वाक्य थोमला दिवसभर पुरलं. ती प्लेटा वाचत राहिली, जंतू उचलायचं तारेचं कडं ज्योतीत लाल करत राहिली, आणि मधूनच स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. हात तेच होते, धुऊन धुऊन बोटांच्या पेरांवर चिरा पडलेले. पुढच्या महिन्यापासून या हातांना एकच काम होतं. मुलगी ख्वे सायगावला एका कचेरीत होती, तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि नात आजीकडे राहणार असं तिच्या जन्माच्या आधीच ठरलेलं होतं. पोर दिवस भरायच्या आत झालेली, काचेच्या पेटीत अंगाचं मुटकुळं करून पडायची, म्हणून तिला घरात कोळंबी म्हणायचे. आता पाच महिन्यांची होती, पण अजून वजनाला हलकी. डॉक्टर म्हणायचे हिला जपा. जपायला थोम होती. म्हणून तर तिनं मुदतीच्या आधी निवृत्ती मागून घेतली होती.

दुपारी नर्सिंगच्या मुली आल्या. दरवर्षी त्यांना थोम एक प्रयोग करून दाखवायची, हा शेवटचा. जंतूंच्या एका जातीवर एक औषध चालत नाही, दुसऱ्या जातीवर दुसरं चालत नाही. दोघींना एका थेंबात रात्रभर एकत्र ठेवायचं, आणि सकाळी दोन्ही औषधं घातलेल्या जेलीवर पसरायचं. एकटीदुकटी तिथं जगू शकत नाही. तरी ठिपके उगवतात. कारण रात्रीतून एकीनं दुसरीला काहीतरी दिलेलं असतं. थोम जंतूंबद्दल कायम बायकांबद्दल बोलावं तशी बोलायची, ही अशी, ती तशी. “ही बघा, हिच्याकडे ती कडी आहे. जन्मतः मिळालेल्या सगळ्याहून वेगळी, सुटी, छोटीशी. हिनं केसाएवढी बारीक नळी बाहेर काढली, शेजारणीला धरलं, जवळ ओढलं. मग त्या कडीची एक प्रत तिकडे गेली.” मागच्या बाकावरची एक जाडसर मुलगी म्हणाली, “म्हणजे लग्नच की हो, मावशी!” थोम म्हणाली, “लग्नात एवढं सरळ देणंघेणं कुठं असतं गं? इथं देणारीचं काही कमी होत नाही. तिची तिच्याजवळ राहतेच.” मुली खिदळल्या. मग त्याच जाडसर मुलीनं विचारलं, “पण मावशी, सकाळी बघितल्यावर कळणार कसं, दिलं कुणी आणि घेतलं कुणी?” हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचीच, आणि थोमचं उत्तरही ठरलेलं असायचं. या प्रयोगात आपणच दोघींना ओळखीच्या खुणा देऊन ठेवल्यात म्हणून कळतं. बाहेर, पोटात, पाण्यात, कुणाला खुणा असतात? घेतल्याबरोबर घेणारीही देणारी होते. मग त्या दोघी देणाऱ्या. आज हे म्हणताना तिची जीभ अडखळली. मुलींना वाटलं मावशी निवृत्त होतायत म्हणून गहिवरल्या.

घरी जाताना मोपेडवर मागं बसल्यासारखी आई होती. असं तिला कधी कधी व्हायचं, विशेषतः नदीकडेच्या रस्त्यावर, जिथं हाऊ नदीवरून ओला वारा येतो आणि पाठीला दुसऱ्या माणसाची ऊब लागल्यासारखी वाटते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोमनं आरशात पाहिलं नाही. आई मागं असली की गप्प असायची, जिवंतपणी शेवटी शेवटी असायची तशी. आधी नव्हती. आधी तर तिचं तोंड कालव्याच्या दोन्ही काठांना ऐकू जायचं. कालव्याकाठी त्यांचं घर, घराखाली बदकांचा कळप, आणि थोम नवी नवी नोकरीला लागलेली. नवरा फुओक तेव्हा मालवाहू होडीवर इंजिन सांभाळायचा, महिना महिना घरी नसायचा, म्हणून थोम तान्ह्या लेकाला, लामला, घेऊन आईकडेच राहत होती. पहाटे होडीनं शहरात यायची, संध्याकाळी परत. दिवसभर लाम आजीचा. आजी भाताचा घास आधी स्वतः चावायची, मासळीचा तुकडा काट्यासकट तोंडात घोळवून काटा बाहेर काढायची, आणि मऊ झालेला घास थेट नातवाच्या तोंडात द्यायची, तोंडाला तोंड लावून. तो पिल्लासारखा आ वासून वाट बघायचा. कालव्यावरच्या सगळ्या आज्या हेच करायच्या. थोमला तेव्हा नुकतंच चार गोष्टींचं ज्ञान झालेलं, सूक्ष्मदर्शकाखाली तोंडातली लाळ पाहिलेली. “आई, असं नको देत जाऊस,” ती म्हणायची. आई तोंड भरलेलं असताना हसायची. “तू काय मग हवेवर वाढलीस? तुला तर मी दीड वर्ष असंच भरवलं. म्हणून तर एवढी शिकलीस.”

आणि त्याच हातांनी ती बदकांचं खाद्य कालवायची. दुकानातून पिवळी पूड आणायची, रोग यायच्या आधीच रोगाचं औषध, कोंड्यात मिसळायची. सगळा कालवा तेच करायचा. एकाची बदकं मेली की शेजारी दुप्पट पूड घालायचा. पूड पाण्यात उतरायची, पाणी भाजीला जायचं, भाजी ताटात. आता हे सगळं थोमला एका दमात दिसत होतं, पाण्यात, बदकांच्या पोटात, चिखलात, त्या केसाएवढ्या नळ्या निघतायत, शेजारणींना धरतायत. मेलेल्यांचंही वाया जात नाही. काही जाती अशा असतात की मेलेलीच्या अंगातून सुटलेले धागे पाण्यात तरंगतात आणि जिवंत असलेली ते उचलून आपल्यात ओवून घेते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोमला रात्री झोप आली नव्हती. तिला आपलं वाटलं होतं की पुस्तकात ही गोष्ट कुणीतरी आपल्यासाठीच लिहून ठेवलीय.

लामला ताप आला तो पावसात भिजल्याचा असेल असं आधी वाटलं. मग तो दूध घेईना, मग त्याचे ओठ राखाडी झाले. हॉस्पिटलात त्याच्या रक्ताच्या नमुन्याची बाटली वरच्या मजल्यावर आली, म्हणजे थोमच्याच टेबलावर. सगळे म्हणाले तू घरी जा, बाळाजवळ बस. ती बसली नाही. प्लेट वाचायची ती आपणच, एवढंच तिला कळत होतं, जणू तिनं नीट वाचली तर काहीतरी वेगळं निघेल. जेलीवर औषधांच्या गोल चकत्या मांडलेल्या, प्रत्येकीभोवती मोकळं, स्वच्छ कडं पडायला हवं, जितकं मोठं कडं तितकी आशा. एकीभोवतीही कडं नव्हतं. वाढ चकत्यांच्या काठाला जाऊन भिडली होती. थोम ती प्लेट हातात धरून इतका वेळ उभी राहिली की कुणीतरी ती हळूच काढून घेतली. लाम त्याच दिवशी गेला.

त्याला पुरून आल्यावर आई मोरीशी बसून भांडी घासत होती. थोमनं विचार केला नव्हता. विचार करून कुणी असं बोलत नाही. “तुझ्या तोंडातून गेलं त्याला,” ती म्हणाली. “तुझ्या त्या बदकांचं, तुझ्या त्या पुडीचं. तुझ्या तोंडातून.” आईनं भांडं खाली ठेवलं, वर पाहिलं. थोमला वाटलं आता ती ओरडेल, कालव्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं. आई म्हणाली, “हो का गं?” खरोखर विचारल्यासारखं. शिकलेल्या लेकीला अडाणी आईनं माहिती विचारावी तसं. थोम आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर आईनं स्वतःपुरती एक छोटी वाटी घेतली. मध्ये सगळ्यांची एकच वाटी असते, खारवलेल्या माशांच्या पाण्याची, न्वोक-मामची, त्यात मिरची, लसूण, लिंबू. सगळ्यांच्या जेवायच्या काड्या तिथंच बुडतात. आईनं त्यातलं थोडं, मिरची पडायच्या आधीच, आपल्या वाटीत काढून घेतलं आणि वाटी गुडघ्याजवळ ठेवली.  मग तेच रोज. पुढं ख्वे झाली, रांगायला लागली, बोलायला लागली. आजीनं तिला कधी भरवलं नाही, कधी ओठ लावले नाहीत. लांबून पंख्यानं वारा घालायची, लांबून गाणी म्हणायची. ख्वेला वाटायचं आजी फार नाजूक आहे, तिला मिरची सोसत नाही. बदकं आईनं विकून टाकली. थोमला आधी ते सगळं बरोबरच वाटलं, मग सवय झाली, आणि मग एक दिवस तिला राजधानीत प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी सहज बोलता बोलता सांगितलं की पोटातले हे जंतू तोंडाच्या घासातून जवळजवळ जात नाहीत. हातांवरून जातात, पाण्यातून जातात, आणि सगळ्यात जास्त हॉस्पिटलातून घरी जाणाऱ्यांच्या कपड्यांवरून, बोटांवरून. थोमनं ते लिहून घेतलं. मग तिला आठवलं की त्या वर्षभर ती संध्याकाळी होडीतून उतरली की लाम रडत असायचा आणि ती हात न धुता, लॅबच्याच सदऱ्यात, त्याला छातीशी धरायची.

ते आईला सांगायचं म्हणून ती मुद्दाम कालव्यावर गेली होती. आई पायरीवर बसून पाण्यातली भाजी निवडत होती. “आई,” थोम म्हणाली. “काय गं?” “काही नाही.” पुन्हा कधी तरी, असं तिनं ठरवलं. आणि मग आईच राहिली नाही. आता घरात देवघराच्या पाटावर आईचा फोटो आहे, शेजारी लामचा लहानसा. दर श्राद्धाला थोम पाटावर सगळं मांडते आणि आईची ती छोटी वाटीही, मिरचीशिवायची. उदबत्त्या विझल्या की पितरांच्या पुढचं अन्न खाली आणून घरच्यांनी खायचं असतं, ते खाल्लं जातं. ती वाटी मात्र थोम मोरीत ओतून टाकते. का, ते फुओकनंही कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं ख्वेला फोन केला. कंबर दुखते म्हणाली. वय झालं म्हणाली. मग म्हणाली, पोरीला सांभाळणं आता जमायचं नाही.

“आई, परवापर्यंत तर तू पाळणा रंगवत होतीस.”

“तिला पाळणाघरात ठेव. सायगावात चांगली असतात.”

“एवढीशी पोर? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सरळ सांग ना, नकोय तुला ती.”

“असं नाही गं.”

“मग कसं?” ख्वे रडत होती आणि रागावलेलीही होती, दोन्ही एकदम. “आजीनं मला कधी मांडीवर घेतलं नाही. आता तू हिला घेणार नाहीस. आपल्या घराण्यात हे असंच असतं का गं?” आणि तिनं फोन ठेवून दिला.

फुओक अंगणात एका मोटरीचं पोट उघडून बसला होता. हल्ली तो होड्यांची इंजिनं घरीच दुरुस्त करायचा. प्लेटचं सगळं ऐकून त्यानं हात पुसले. “अगं, तुझं पोट म्हणजे काय पेटता बाँब आहे? डॉक्टरीण म्हणते ना काही नाही म्हणून?”

“तिला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

थोम नळाशी जाऊन हात धुवायला लागली.  “उद्या मी माझंही तपासून घेतो,” तो म्हणाला. “माझ्यात निघालं तर मग तुला माझ्याबरोबर झोपायला हरकत नाही ना?” ती हसली नाही, तेव्हा तो पुन्हा मोटरीकडे वळला.

त्यानंतरचे दिवस तिनं हात धुण्यात काढले. भांडी उकळली, चटया उन्हात टाकल्या, दारांच्या कड्या पुसल्या. पाळण्यावर जुनी चादर घातली. घरात सगळीकडे तिला वाढ दिसायची, डोळ्यांना न दिसणारी. एकीच्या दोन, दोघींच्या चार, चहा गार होईस्तोवर दुप्पट. आणि त्यात आई कोणती, लेक कोणती, हे कुणीच सांगू शकत नाही, कारण मागं राहणारी म्हातारी अशी कुणी नसतेच. आई मधोमध दुभंगते आणि दोन लेकी होतात, आई मेलेली नसते आणि कुठं सापडतही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला ही गोष्ट फार गोड वाटली होती. आता आरशासमोर तोंड धुताना तिला वाटायचं, जबडा आईचा आहे. ओठांचा घास चावायचा आकार आईचा आहे. तिच्या आतड्यात जे बसलंय ते कालव्याच्या पाण्यातून तिच्याकडे आलं, का आईच्या घासातून दीड वर्ष आलं, का हॉस्पिटलातून येऊन तिनंच ते आईला दिलं आणि आईनं लामला, का लामनं आजीला? आणि मग पुन्हा पुन्हा, कुणाकुणाच्या हातून? प्रश्नाला टोकच नव्हतं. रात्री मोरीतून भांडी घासल्याचा आवाज यायचा. ती उठून जायची नाही. तो आवाज आपल्याला ‘हो का गं?’ असं विचारतोय, हे तिला ठाऊक होतं.

आईच्या श्राद्धाला ख्वे आली. रागावलेली असली तरी आजीच्या दिवसाला न येणं तिला जमलं नसतं. कोळंबी तिच्या छातीशी बांधलेली, झोपलेली, तोंड अर्धवट उघडं. थोमनं तोंडाला मुखपट्टी बांधली होती, पदार्थ मांडले होते: नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, आंबट कालवण, पाटावर आईची छोटी वाटी. तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि मागं घेतला. ख्वेनं ते पाहिलं. ख्वेनं आजीच्या आणि भावाच्या फोटोंपुढं उदबत्त्या लावल्या. विझल्यावर फुओकनं ताटं खाली आणली, चटई अंथरली, सगळे गोल बसले. मध्ये न्वोक-मामची मोठी वाटी. थोमनं मुखपट्टी काढली, आणि गुडघ्याजवळ आपली एक छोटी वाटी ठेवली. मिरचीशिवायची.

ख्वेनं काड्या खाली ठेवल्या. “हे काय?”

“माझं पोट...”

“पोट नको सांगूस. कंबर नको सांगूस. आजी अश्शीच बसायची. अगदी अश्शी, गुडघ्याजवळ वाटी घेऊन. काय आहे हे, आई?”

आणि थोमनं सांगितलं. सुरुवात प्लेटपासून केली, कारण तिथून सोपं होतं, मग बोलता बोलता ती मागं मागं गेली, कालव्यापर्यंत, मोरीपर्यंत. ख्वेला एक भाऊ होता हे माहीत होतं, त्याच्या फोटोला ती लहानपणापासून उदबत्ती लावत होती. पण आजीची वाटी त्याच्यामुळं होती हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. फुओक मान खाली घालून बसला होता. त्यालाही आजच कळत होतं.

“आणि आजी काय म्हणाली?” ख्वेनं विचारलं.

“हो का गं, म्हणाली. एवढंच.”

“आणि तू?”

थोमनं मान वर केली.  मग ती म्हणाली, “नव्हतं गं तसं. आई, नव्हतं तसं.” ती लेकीकडे बघत नव्हती. पाटाकडे बघत होती.

कोळंबी केव्हाची जागी झाली होती. ख्वेच्या मांडीवरून ती सगळं अंग पुढं टाकून वाकली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तिची मूठ थोमच्या छोट्या वाटीत बुडाली. मनगटापर्यंत. खारं पाणी चटईवर सांडलं. थोमचे हात पुढं आले आणि हवेतच थांबले, धरावं तरी शिवावं लागणार. धरलं ते ख्वेनं. तिनं लेकीचं मनगट घट्ट पकडून वर उचललं, मुठीतून थेंब गळत होते, आणि पोर तोंड वासून स्वतःच्याच मुठीकडे झेपावत होती. ख्वेनं आईकडे पाहिलं. थोमचा चेहरा तेव्हा कसा दिसत होता ते थोमला कधीच कळणार नव्हतं. ख्वेनं काय पाहिलं ते ख्वेला ठाऊक. तिनं मनगट सोडलं.

मूठ तोंडात गेली. कोळंबीनं खारट लागल्यावर सगळं तोंड आक्रसलं, अंग शहारलं, आणि मग पुन्हा चोखायला लागली.

“हिला कुणाकडून काय मिळालं ते कुणाला कळणार आहे, आई?” ख्वे म्हणाली. ती घाबरलेली होती, आणि तरी बोलत होती. “माझ्यात नसेल कशावरून? मला नाही तपासायचं. हात धू, मीही धुते. पण वेगळी वाटी नको. एक आजी वेगळ्या वाटीत गेली तेवढं पुरे झालं.” आणि तिनं पोर उचलून थोमच्या मांडीवर ठेवली, ओल्या, खारट मुठीसकट.

पोरीचं वजन ते केवढंसं. थोमनं तिला धरलं. आधी बोटांच्या टोकांनी, मग सगळ्या हातांनी, मग छातीशी, आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. भीती गेली नव्हती. ती जाणार नव्हती, हे तिला रडतानाच कळत होतं. रोज सकाळी उठून ती या पोरीचं कपाळ चाचपून बघणार होती, जन्मभर. पण पोर मांडीवर होती. फुओकनं तिला रडू दिलं. मग उठून पाटावरची आईची वाटी त्यानं आणली, नेहमीसारखी मोरीत ओतायला म्हणून तिच्यापुढं धरली. थोमनं डोळे पुसले, वाटी घेतली आणि मधल्या मोठ्या वाटीत रिकामी केली. आपल्या वाटीत जे उरलं होतं तेही तिथंच ओतलं.

“आई, जेवायला ये,” ती म्हणाली.

फुओकनं काडीनं ढवळून चव घेतली. “मिरची कमी पडली,” तो म्हणाला, आणि सगळे जेवायला लागले. कोळंबी थोमच्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघत होती, मूठ तोंडातच. थोमनं वळून पाहिलं नाही. ती जरा सरकून बसली, म्हणजे चटईवर तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.